चाकाखालची वीट

या माउली, असे पुढं सरका. त्या खांबाला टेकून बसलात तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल. बुवांची गाडी अजून वाटेतच आहे म्हणतात, कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तोवर मी तुम्हाला एका गाडीचीच गोष्ट सांगतो. एक जुनी जीप, आणि एक वीट. वीट म्हटल्याबरोबर तुमचे हात जोडले गेले, ते पाहिलं मी. राहू द्या तसेच. गोष्ट संपेपर्यंत लागतीलच.

आमचं गाव डोंगरकडा नावाच्या गावाच्या अलीकडं, उतारावर बसलेलं. खाली केळीच्या बागा, वर घरं. किसनराव माझे शेजारी. त्यांनी ती जीप घेतली तेव्हाच ती दुसऱ्याच्या हातची होती, आणि घेतल्यापासून ती एका घराची कधी राहिलीच नाही. हंगामात हळदीची पोती, एरवी कुणाची बाळंतीण, कुणाचं वऱ्हाड, आणि एकादशीला आम्ही भजनी मंडळ. मृदंग मांडीवर, टाळांची पिशवी पायात, आणि खड्डा आला की सगळ्यांच्या तोंडून एकदम "विठ्ठल!"

जीपला दुखणी म्हणाल तर म्हाताऱ्या माणसाला असतात तेवढी. थंडीत सेल्फ घेत नसे. डाव्या बाजूचं दार सुतळीनं बांधलेलं. रेडिएटर दर घाटाला पाणी मागायचा. किसनरावांच्या मंडळी द्वारकाबाई सीटखाली पाण्याचा कॅन ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी हिला पाजा, मंग तुमी प्या. तिला बोलता येत न्हाई." दसऱ्याला त्या स्वतः जीप धुवायच्या, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढायच्या, झेंडूचा हार घालायच्या. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचा मानही त्यांचाच.

आणि हातब्रेक. तो तर घेतल्यापासून लागत नव्हता.

उतारावरच्या घराला हे परवडणारं नाही. पण किसनरावांना तो उतार सोयीचाही होता. जीपचं तोंड खाली करून ठेवली की सकाळी सेल्फची मिनतवारी नको, ब्रेक सोडला की गडगडत जाऊन चालू. मात्र रात्रभर ती थांबायला चाकाला काहीतरी हवं. पहिल्या दिवशी द्वारकाबाईंनी अंगणातल्या ढिगातली एक वीट उचलली, चाकाला लावली, पायानं आत रेटली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"उभा!"

आत किसनराव ब्रेकवर पाय दाबून बसलेले. त्यांनी पाय हळूच उचलला. जीप बोटभर सरकली, विटेला टेकली आणि थांबली.

मी ओट्यावरून हसलो. म्हटलं, "वहिनी, गाडी उभी असती. उभा काहून म्हनता?"

"जळबाबुवा, तुमी एवढे टाळ कुटता आन मलाच इचारता व्हय? विटेवर उभा तो उभाच. विटेवर उभी कुनी म्हनतं का?"

त्या दिवसापासून तो शब्द लागू झाला. नरसीला जा, शिरड शहापूरच्या बाजाराला जा, शेताच्या बांधावर जा. जीप थांबली की आधी द्वारकाबाई उतरणार, पायातळची वीट काढून चाकाला लावणार, आणि तीन शेतं ओलांडून जाईल अशा आवाजात "उभा!" म्हणणार. मग किसनरावांचा पाय उठायचा, मग इंजिन बंद, मग आम्ही उतरायचो. त्याआधी कुणी उतरलेलं त्यांना चालत नसे. कीर्तनात पाहता ना तुम्ही, मृदंगाची थाप समेवर येते आणि टाळकऱ्यांचे हात आपोआप थांबतात, तसं होतं ते. तिचा शब्द सम. ह्यांचा पाय त्या समेवर उठणार.

गावानं चेष्टा केली नाही असं नाही. पारावरचे म्हणायचे, "किसनराव बायकोच्या शब्दाबिगर पाय उचलीत न्हाईत." किसनराव म्हणायचे, "तुमी उचलता, म्हून तर तुमच्या गाड्या नाल्यात जातात."

डोंगरकड्याला भीमराज मेस्त्रीचं गॅरेज. जीपचं ऑईल, ब्रेकचे लायनर, सगळं त्याच्या हातचं. किसनराव गेले की "जय भीम, मेस्त्री," आणि तिकडून "राम राम, काका, आज काय पडलं?" दर वेळी तो म्हणायचा, "काका, हातब्रेकची केबल टाकून देतो. चहा व्हईस्तोवर काम होतंय." आणि दर वेळी किसनराव म्हणायचे, "राहू दे. आपला हातब्रेक घरीच हाय. पोळ्या बी करतो."

असं ते चाललं होतं.

हळद शिजवायचे दिवस होते. कढईपाशी वाफेत द्वारकाबाई उभ्या होत्या, आणि उभ्या उभ्याच एका बाजूला कलल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला. किसनराव, त्यांचा मुलगा नरसिंग, सून ज्योती आणि मी, आम्ही त्यांना जीपमध्ये मागं आडवं केलं आणि नांदेड गाठलं. दवाखान्याच्या दारात चढण होती. किसनरावांनी तिथं जीप थांबवली, ब्रेकवर पाय दाबला आणि बसून राहिले.

मागून गाड्या वाजायला लागल्या. शिपाई ओरडला, "काका, उतरा ना! पेशंट घ्या खाली!"

किसनराव हलेनात. समोर बघत होते. मला आधी वाटलं, माणूस घाबरून गार पडला. मग उमगलं. ते शब्दाची वाट बघत होते. ज्यांनी तो म्हणायचा त्या मागच्या सीटवर ज्योतीच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या, आणि तोंडातून नुसती लाळ येत होती.

मी खाली उडी मारली, वीट लावली, खिडकीशी जाऊन म्हटलं, "किसनराव, लावली वीट. उचला पाय." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी परक्या मुलखातलं काही बोललो.

जीव वाचला. हात थोडा परत आला, डाव्या बाजूला धरलं तर चार पावलं पडायला लागली. वाचा मात्र गेली ती गेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. नेहमीच्या, रोज तोंडात असलेल्या शब्दांपैकी एखादा आपोआप येऊन जातो कधीकधी.

एवढंच किसनरावांनी पकडलं. रोज तोंडात असलेला शब्द कोणता, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या दिवसापासून माउली, त्या माणसाला जगात दुसरं काही नको झालं. फक्त तो एक शब्द त्यांना पुन्हा ऐकायचा होता.

रोज सकाळी जीप निघायची. द्वारकाबाई पुढं, उशी लावून. बागेपर्यंत जायचं, मारुतीच्या देवळापाशी वळायचं, घरी यायचं. प्रत्येक उतारावर थांबायचं. ज्योती उतरून वीट लावायची आणि म्हणायची, "लावली मामा." किसनराव मान वळवून मंडळींच्या तोंडाकडं बघत बसायचे. ब्रेकवरचा पाय थरथरायला लागायचा, पोटरीला गोळा यायचा, तरी बसायचे. द्वारकाबाई त्यांच्याकडं बघायच्या, ओठ हलायचे, डोळे भरायचे. शब्द काही यायचा नाही. मग किसनराव म्हणायचे, "असू दे. उद्या." आणि पाय उचलायचे.

नरसिंगला हे बघवेना. गुणी मुलगा आहे, त्याला दोष देऊ नका. तो मला म्हणाला, "बुवा, बाबाचा पाय सुजून राहिलाय. एखाद्या दिशी ब्रेकावरून सटकला तं? माय पुढं बसलेली असती." त्याचं काय चुकलं? एका बाजारच्या दिवशी त्यानं बापाला न विचारता जीप भीमराजकडं नेली. नवी केबल, नवा सेल्फ, नवी बॅटरी. दाराला कडीसुद्धा बसवली. संध्याकाळी अंगणात जीप थांबवून त्यानं हातब्रेक ओढला, कर्रकन आवाज आला, आणि लेकरासारखा आनंदानं म्हणाला, "बघा बाबा! आता कुनाला खाली उतरायचं काम न्हाई."

किसनराव पुढं आले. जीपला एक प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले आणि आत गेले.

आणि ज्योती. तिनं तर आणखी मायेनं केलं. ती म्हणाली, ज्या विटेनं एवढी वर्षं घर सांभाळलं ती अंगणात लोळू द्यायची व्हय? तिनं वीट धुतली, कुंकू लावलं, देवघरात पांडुरंगाच्या शेजारी मांडली आणि तिला झेंडूचा हार घातला. वर भिंतीवर किसनरावांच्या आईचा फोटो होता, त्यालाही तसाच हार होता.

दुसऱ्या दिवसापासून द्वारकाबाई जीपमध्ये बसेनात. नेऊन उभं केलं की मान फिरवायच्या. खाणं कमी झालं. दिवसभर देवघराकडं तोंड करून पडायच्या, डावा हात उचलून विटेकडं दाखवायच्या आणि घशातून कसला तरी आवाज काढायच्या. ज्योतीला वाटायचं, सासूबाईंना पाया पडायचंय. ती त्यांना धरून न्यायची, दोन्ही हात जुळवून द्यायची, "पडा आत्याबाई, पडा पाया," म्हणायची. द्वारकाबाई हात सोडवून घ्यायच्या. पुन्हा बोट दाखवायच्या. पुन्हा ज्योती हात जोडून द्यायची. मी बघितलंय हे, म्हणून सांगतो. हात जोडलेली बाई त्या दिवशी मला जेवढी एकटी दिसली, तेवढं मी कुणाला पाहिलं नाही.

एका संध्याकाळी मी हरिपाठाला म्हणून त्यांच्या घरी बसलो होतो. द्वारकाबाईंचा हात पुन्हा उठला. ह्या वेळी बोट विटेकडं गेलं, तिथून वरच्या फोटोकडं गेलं, आणि तिथून स्वतःच्या छातीवर येऊन थांबलं.

किसनरावांनी हातातला टाळ खाली ठेवला.

"ज्योती," ते म्हणाले, "हार कुनाला घालत असतात गं?"

"देवाला, मामा."

"आन?"

ज्योतीनं फोटोकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"ती जित्ती हाय आजून," किसनराव म्हणाले. "तिला वाटून राहिलं, आपन तिला भितीला टांगली." ते उठले, विटेचा हार काढला आणि वीट काखेत घेतली.

ज्योती रडत आडवी आली. "मामा, पूजा झालेली वीट चाकाखाली घालता? पाप लागंल. बुवा, तुमी तरी सांगा!"

मला कुठलं शास्त्र येतं! पण आयुष्य कीर्तनं ऐकण्यात गेलं, तेवढं कामाला आलं. मी म्हटलं, "ज्योती, पुंडलिकानं वीट फेकली तवा ती काय देवघरातून आणली व्हती? तो मायबापाचे पाय दाबून राहिला व्हता, हात रिकामा नव्हता, म्हून हाताशी आली ती फेकली. सेवेपायी मातीत पडली, म्हून त्या विटेला मोल. हिला बी तिच्या कामावर जाऊ दे."

ज्योतीनं डोळे पुसले. आत जाऊन तिनं सासूचं तोंड दोन्ही हातांत धरलं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

सकाळी किसनराव भीमराजकडं गेले, मी बरोबर होतो. "मेस्त्री, ती केबल सोडून टाक."

"खराब निघाली का, काका?"

"न्हाई. लय चांगली हाय."

भीमराज हसला. "गिऱ्हाईक मोडकं घेऊन येतं, नीट करून नेतं. तुमी नीट असलेलं मोडायला आले. काहून?"

किसनरावांनी सांगितलं. भीमराज ऐकता ऐकता हात पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला. मग जीपखाली गेला, केबल सोडली. वर येऊन म्हणाला, "काका, तारेनं बांधून ठिवली. जवा वाटंल तवा या, पुन्हा जोडू. आन ब्रेकचा पाय मी आज हलका करून देतो, तुमचा पाय दुखायला नको."

नरसिंग चिडला, "येडे झालात का बाबा?" म्हणाला. मग आईला उचलून पुढं बसवताना त्याच्या लक्षात आलं, की तिनं मान फिरवली नाही. उलट पायानं चाचपून वीट जागेवर आहे का ते बघितलं. मग त्यानंच तिच्या पाठीशी उशी सारली.

एकादशी होती. नरसी नामदेवला कीर्तन होतं. आम्ही सगळे निघालो, बऱ्याच दिवसांनी जीप भरली. कयाधू नदीच्या बाजूला उतरत्या वाटेवर किसनरावांनी जीप थांबवली. इंजिन चालू, पाय ब्रेकवर. त्यांची रीतच ती. आधी वीट, मग शब्द, मग पाय, आणि इंजिन सगळ्यात शेवटी बंद.

नरसिंगनं आईला खाली उतरवलं. मी वीट हातात घेतली होती, पण द्वारकाबाईंनी डावा हात पुढं केला. नरसिंगनं मागून कमरेला धरलं, त्या हळूहळू खाली बसल्या. त्यांच्या हातात वीट दिली, तर वजनानं हात खाली गेला. ज्योती मदतीला वाकली, त्यांनी तिला कोपरानं दूर केलं. एका हातानं, इंच इंच करत त्यांनी ती वीट चाकापर्यंत नेली. लुगड्याला माती लागली. तळव्यानं रेटून वीट आत बसवली आणि तळवा तिथंच ठेवून थोडा दम घेतला.

मी त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतो.

ओठ जुळले. पुन्हा सुटले. आणि त्या म्हणाल्या, "उभा."

माउली, म्हणाल्या. पहिला उच्चार लांब, दुसरा नुसता श्वास. कोवळं लेकरू पहिल्यांदा बोलतं तसा. मी ऐकला. नरसिंगनं ऐकला, कारण त्यानं आईच्या खांद्यात तोंड घातलं. ज्योतीनं ऐकला.

वर इंजिन धडधडत होतं. डिझेलची जुनी जीप ती, जवळ उभं राहिलं तर आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. किसनराव खिडकीतून मान बाहेर काढून विचारत होते, "झालं का? बसली का वीट?"

मी धावत खिडकीशी गेलो. "किसनराव! म्हनल्या! वहिनी म्हनल्या!"

"काय?"

"उभा म्हनल्या!"

त्यांच्या तोंडावर काय आलं ते सांगायला माझ्याजवळ बोल नाहीत. इंजिन त्यांनी घाईनं बंद केलं. एकदम सगळं शांत झालं, नदीकडचा वारासुद्धा ऐकू यायला लागला. ते खिडकीतून वाकून म्हणाले, "म्हन गं. आजून एक खेपेला म्हन. म्या आयकतो."

द्वारकाबाईंनी वर पाहिलं. ओठ जुळवले. जुळवून ठेवले. कपाळाच्या शिरा वर आल्या. शब्द आला नाही. मग त्यांनी काय केलं, चाकावर डाव्या हातानं दोनदा थोपटलं, निजलेल्या लेकराला थोपटावं तसं, आणि हसल्या. वाकड्या तोंडानं हसल्या.

किसनरावांनी पाय उचलला. जीप बोटभर सरकली, विटेला टेकली, थांबली.

त्या दिवशी कीर्तनात काय निरूपण झालं, मला आठवत नाही. एवढ्या वर्षांत तसं एकदाच झालं.

मार्गशीर्षात द्वारकाबाई गेल्या. झोपेतच गेल्या. शब्द पुन्हा आला नाही. तेराव्यानंतर किसनराव माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "बुवा, खरं सांगा. म्हनली व्हती ना? का माझं मन ठिवायला?"

"पांडुरंगाची आन, किसनराव."

"कशी म्हनली?"

मी म्हणून दाखवणार होतो. त्यांनी हात वर केला. "नगं. तुमच्या तोंडून नगं."

जीप अजून आहे. वीट अजून पायातळीच असते, कुंकू पुसून गेलंय, एक कोपरा झिजलाय. वीट आता ज्योती लावते. केबल तशीच तारेनं बांधलेली आहे, भीमराजनं पुन्हा विषय काढला नाही. फक्त एक बदल झाला. जीप थांबली की किसनराव आता इंजिन आधी बंद करतात. पाय ब्रेकवर दाबून ठेवतात, डोळे मिटतात आणि कान देऊन बसतात. आम्ही कुणी बोलत नाही, टाळाची पिशवीसुद्धा वाजू देत नाही. थोड्या वेळानं ते पाय उचलतात. एकदा नरसिंगनं विचारलं, "आयकू आलं का, बाबा?" तर म्हणाले, "ती म्हनतच असंल रे. माझेच कान कमी पडतात."

बघा, खाली दिवे दिसले. बुवांची गाडी आली वाटतं. उठू आता.

पण माउली, एवढं करा. आमच्या भागात कधी आलात, आणि वाटेत उतारावर एक जुनी जीप इंजिन बंद करून उभी दिसली, आत एक म्हातारा डोळे मिटून बसलेला दिसला, तर हॉर्न वाजवू नका. थोडं थांबा. आणि त्या थांबण्यात द्वारकाबाईंची आठवण काढा.